प्रिंट-के घातलं की उशीर गायब होतो. मग कर्नलमध्ये ट्रेसिंग कसं घालायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर इथेच लक्षात येईल.

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत तुम्ही वजन करून पिशव्या भरणाऱ्या मशिनचा कंट्रोलर बनवता. दोन कोअरचा ३२ बिटी एआरएम बोर्ड, २५६ एमबी रॅम, बोर्डवाल्यानेच दिलेलं ४.१९ लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लोड सेलची (वजन मोजणाऱ्या सेन्सरची) चिप एसपीआय बसवर, म्हणजे चिपांशी बोलायच्या सामाईक तारांवर, आहे. माप तयार झालं की ती इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं सोडून इकडे बघ' असा संकेत, देते, तुमचा ड्रायव्हर माप वाचतो आणि वरचा प्रोग्रॅम गेट बंद करतो. हे ५ मिलिसेकंदांत व्हायला हवं, बहुतेक वेळा होतंही. पण मधूनच ४० मिलिसेकंद लागतात आणि पिशवीत माल जास्त पडतो. कारण शोधायला ड्रायव्हरमध्ये प्रिंट-के (कर्नलमधून कन्सोलवर ओळ छापणारं फंक्शन) घातलं तर उशीर गायब, काढलं की परत हजर. म्हणून तुम्ही विचारताय की कर्नलमध्ये कोणतं ट्रेसिंग टूल (कुठलं काम कधी झालं याची नोंद ठेवणारं) घालू, कसं घालू, आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या मशिनमध्ये ते ठेवू की काढू. जाता जाता एक पुरवणी: दुसऱ्या छोट्या बोर्डवर लिनक्स नाही, तुमचं स्वतःचं लहानसं कर्नल आहे, तिथे काय करायचं.

टूल निवडणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड काय, तर इंटरप्ट आल्यापासून गेट बंद होईपर्यंतचे ते ४० मिलिसेकंद कोणाच्या हातात होते हे कळत नाही, आणि बघायला गेलं की वेळेचं सगळं गणितच बदलतं. त्यामुळे हवंय ते असं काहीतरी, जे बघेल पण मध्ये पडणार नाही. शिवाय ते मशिनमध्ये कायम असलं पाहिजे, कारण असला उशीर तुमच्या टेबलावर कधी येत नाही, ग्राहकाच्या शेडमध्ये येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. कर्नल तुम्हाला पुन्हा बांधता येतं का? बोर्डवाल्याने सोर्स दिला असेल तर येतं. नुसती इमेज हातावर ठेवली असेल तर जे आत आहे त्यावरच भागवावं लागेल. इमेजसाठी फ्लॅशमध्ये जागा किती? ड्रायव्हरचा परवाना काय? हा शेवटचा प्रश्न वकिली वाटेल, पण ट्रेसिंगशी त्याचा थेट संबंध आहे. त्यावर पुढे येतो.

आधी प्रिंट-के का खोटं बोलतं ते पाहू. तुमचा कन्सोल सिरियल पोर्टवर ११५२०० बॉडने चालतो असं धरतो. एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला जवळपास ७ मिलिसेकंद. तुमची मर्यादा ५ ची आहे! त्यात ४.१९ सारख्या जुन्या कर्नलमध्ये ओळ छापणाराच बहुधा ती बाहेर ढकलत बसतो, आणि प्रत्येक ओळीपुरते त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद असतात. याचा अर्थ तुम्ही ड्रायव्हरचं निरीक्षण करत नव्हता, त्याचं वेळापत्रक नव्याने आखून देत होता. दोन कामं ज्या क्षणी एकमेकांवर आदळत होती तो क्षणच सरकला, म्हणून उशीर दिसेनासा झाला. यातून एक धागा मात्र हाती लागतो: उशीर दोन गोष्टी एकाच वेळी आल्यामुळे होतोय, एकाच कोडच्या संथपणामुळे नाही. वाया गेलेल्या दिवसांतून एवढं मिळालं तरी बरं.

ट्रेसिंगला हात लावण्याआधी मी नेहमी बाहेरचा एक साक्षीदार उभा करतो. मोकळी जीपीआयओ पिन (प्रोग्रॅमला वर-खाली करता येणारी) घ्या, इंटरप्ट हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) शिरताना ती वर करा, वरच्या प्रोग्रॅमने गेट बंद करताना खाली करा, आणि लॉजिक अ‍ॅनालायझर लावून ठेवा. त्याच्या दुसऱ्या वाहिनीवर चिपची स्वतःची इंटरप्ट लाइन जोडा. पिन हलवायला काही मायक्रोसेकंदच लागतात. यातून इतकंच कळतं की ४० मिलिसेकंद हँडलर सुरू होण्याच्या आधी गेले की नंतर. पण आधी गेले असतील तर चूक चिपची, वायरिंगची किंवा इंटरप्ट बंद ठेवणाऱ्या दुसऱ्याच कोडची आहे, आणि तुमच्या ड्रायव्हरमध्ये कितीही ट्रेसिंग घातलं तरी ती सापडणार नाही. हा अर्धा तास टाळून आठवडा घालवणारे बरेच पाहिलेत.

आता मूळ गोष्ट. तुम्हाला बाहेरून जवळजवळ काहीच घालायचं नाही, कारण लिनक्समध्ये ते आधीपासून आहे. स्टीव्हन रोस्टेड यांचं एफट्रेस हे कर्नलमधलंच ट्रेसिंग टूल २००८ मध्ये २.६.२७ कर्नलमध्ये आलं. त्याची मुळं रिअल-टाइम पॅचमधल्या लेटन्सी मोजणाऱ्या कोडमध्ये आहेत, म्हणजे नेमक्या तुमच्यासारख्या प्रश्नांसाठीच ते जन्माला आलं. बोर्डवाल्याच्या कर्नलमध्ये ते बहुधा चालूच असेल. सीस, कर्नल, ट्रेसिंग या वाटेवर ट्रेसएफएस (एफट्रेसच्या फाइल दाखवणारी फाइल सिस्टिम) माउंट होते का पाहा, आणि आतली 'अव्हेलेबल ट्रेसर्स' ही फाइल वाचा. तिथे 'फंक्शन' आणि 'फंक्शन ग्राफ' दिसले तर निम्मं काम झालं. नुसतं 'नॉप' दिसलं तरी बिचकू नका, 'इव्हेंट्स' नावाची डिरेक्टरी आहे का बघा. ती असेल तर तुमचं भागेल.

ते आत कसं चालतं हे थोडं खोलात सांगतो, कारण 'प्रोडक्शनमध्ये ठेवू का' याचं उत्तर तिथेच आहे. कंपायलरला एक फ्लॅग दिला की तो प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक छोटी कॉल टाकतो. बूट होताना कर्नल या सगळ्या कॉल खोडून तिथे नॉप, म्हणजे काहीच न करणारी सूचना, लिहितं. तुम्ही एखादं फंक्शन निवडलंत की फक्त त्याच्यापुरती ती जागा चालू असताना बदलली जाते. ट्रेसपॉइंटचं तंत्र वेगळं, परिणाम तोच: कोडमध्ये मुद्दाम ठेवलेली नोंदीची जागा, बंद असताना एक नॉप. तिसरा प्रकार केप्रोब, २००४ पासूनचा. तो जवळजवळ कुठल्याही सूचनेच्या जागी ब्रेकपॉइंट बसवतो, त्यामुळे कर्नल न बांधताही वापरता येतो, पण प्रत्येक वेळी ट्रॅप होत असल्यामुळे तिघांत महाग. बोर्डवाल्याने सोर्स दिला नसेल तर हाच तुमचा आधार.

नोंदी जातात रिंग बफरमध्ये. प्रत्येक कोअरचं बफर वेगळं, त्यामुळे एका कोअरला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. अक्षरं तिथे लिहिली जात नाहीत. आकडे जसेच्या तसे ठेवले जातात आणि वाचताना त्यांची ओळ बनते. वेळही पूर्ण लिहिली जात नाही, मागच्या नोंदीपासूनचा फरक २७ बिटांत मावतो. प्रिंट-के आणि ट्रेसिंग यांच्यातलं अंतर इथेच आहे: एकीकडे मिलिसेकंदांचा हिशेब, दुसरीकडे मायक्रोसेकंदाच्या आसपासचा किंवा त्याहून कमी.

तुम्ही बदलला नाही तर बफरचा आकार प्रतिकोअर १४०८ केबी असतो, तोही ट्रेसिंग पहिल्यांदा वापरल्यावरच. तोपर्यंत अगदी चिमूटभर जागा घेतलेली असते. तुमच्या दोन कोअरना मिळून ३ एमबीसुद्धा नाही. यात किती वेळ मावेल? कामांच्या अदलाबदलीची एक नोंद साधारण ६४ बाइटची. एका कोअरवर सेकंदाला २००० अदलाबदली धरल्या तर सेकंदाला १२५ केबी, म्हणजे ११ सेकंदांचा इतिहास. तुम्हाला ४० मिलिसेकंद हवेत. भरपूर झालं.

इथपर्यंतचं थोडक्यात: प्रिंट-के काढून टाका, पिन लावून उशीर हँडलर सुरू होण्याच्या अलीकडे की पलीकडे ते ठरवा, आणि एफट्रेस आहे का बघा. पुढचं सगळं पलीकडचं निघालं असं धरून लिहितोय.

नवशिके इथे हमखास एक करतात: फंक्शन ग्राफ चालू करून सगळ्या कर्नलचा ट्रेस घेतात. हजारो फंक्शनं, दोन सेकंदांत बफर उलटून जातं, बोर्ड संथ होतो आणि हाती काही वाचण्याजोगं राहत नाही. मी फंक्शन ट्रेसिंगने सुरुवात करत नाही. आधी तयार इव्हेंट घेतो, आणि तेही जिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं तेवढेच. तुमच्या बाबतीत ते असे: आयआरक्यू हँडलरची एन्ट्री आणि एक्झिट, एसपीआयचे मेसेज सबमिट, मेसेज स्टार्ट आणि मेसेज डन, आणि शेड्यूलरचे (कोणतं काम, म्हणजे कोणता थ्रेड, कधी कोअरवर चढेल ते ठरवणाऱ्या भागाचे) दोन, वेकअप आणि स्विच. एसपीआयचे इव्हेंट कर्नलच्या एसपीआय कोडमध्ये आधीच आहेत, ते तुम्हाला लिहायचे नाहीत.

वेकअप आणि स्विच यांतला फरक नीट कळला की निम्मे ट्रेस आपोआप वाचता येतात. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जायला तुम्ही पोचलात, हे वेकअप. फेरीत प्रत्यक्ष चढलात, ते स्विच. मधला वेळ तुम्ही झोपलेले नव्हता, तयार होता, जागा नव्हती. 'माझा थ्रेड झोपलाय' आणि 'माझा थ्रेड तयार आहे पण कोअर मिळत नाही' या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे. स्विचच्या नोंदीत मागच्या कामाची स्थिती एका अक्षराने लिहिलेली असते. 'आर' म्हणजे त्याला चालायचं होतं पण उठवून दुसऱ्याला बसवलं; 'एस' म्हणजे तो स्वतःहून झोपला; 'डी' म्हणजे कशाची तरी वाट पाहत अडकला.

ट्रेसची एक ओळ अशी वाचायची. डावीकडे कामाचं नाव आणि पीआयडी, मग चौकटी कंसात कोअर, मग चार खुणांचा एक पुंजका, मग सेकंदांत वेळ, दशांशानंतर सहा आकडे, आणि शेवटी इव्हेंट व त्याचे तपशील. त्या पुंजक्याकडे लोक दुर्लक्ष करतात, मी तिथूनच सुरुवात करतो. पहिल्या जागी 'डी' असेल तर त्या क्षणी इंटरप्ट बंद होते, टिंब असेल तर चालू. दुसऱ्या जागी 'एन' म्हणजे शेड्यूलरला अदलाबदल करायची आहे पण अजून संधी मिळालेली नाही. तिसऱ्या जागी 'एच' म्हणजे आपण हार्ड इंटरप्टमध्ये, 'एस' म्हणजे सॉफ्ट इंटरप्टमध्ये. चौथा आकडा प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच उठवून दुसरं बसवणं) किती खोल बंद आहे तो. ओळीमागून ओळ 'एन' दिसत राहिला आणि वेळ पुढे सरकत राहिला, तर कोणीतरी कोअर अडवून बसलाय हे इव्हेंटचा तपशील न वाचताच कळतं.

आता माझा संशय सांगतो. तुम्ही ओझरतं लिहिलंय की नोंदी ठेवायला त्याच एसपीआय बसवर एक फ्लॅश चिप आहे. मला तुमच्या सगळ्या प्रश्नातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते. बस मोकळी असेल तेव्हा तुमचा थ्रेडेड इंटरप्ट हँडलर स्वतःच मेसेज पाठवतो, आणि त्याचं प्राधान्य रिअल-टाइम आहे, म्हणजे साध्या कामांच्या पुढे: नेहमीचं एफआयएफओ ५०. पण बस फ्लॅशच्या मेसेजमध्ये गुंतलेली असेल तर तुमचा मेसेज रांगेत लागतो, आणि आधीचा संपल्यावर पुढचा उचलायचं काम कर्नलच्या 'एसपीआय शून्य' अशा नावाच्या थ्रेडकडे जातं. कंट्रोलरच्या ड्रायव्हरने वेगळं सांगितलं नसेल तर तो थ्रेड साध्या प्राधान्याचा असतो. स्क्रीन रंगवणारा तुमचा प्रोग्रॅम त्या वेळी कोअर खात असेल तर हा बिचारा त्याच्या मागे उभा, आणि रिअल-टाइम हँडलर त्याच्याही मागे. तुमचं प्राधान्य कागदावरच राहिलं.

हे खरं असेल तर ट्रेसमध्ये असं दिसेल: मेसेज सबमिट झाला, त्या एसपीआय थ्रेडचा वेकअप आला, पण त्याचा स्विच ३०-३५ मिलिसेकंदांनी, मधल्या सगळ्या स्विचमध्ये दुसरीच नावं, मग मेसेज स्टार्ट, आणि त्यानंतर मायक्रोसेकंदांत डन. तसं दिसलं तर इलाज एका ओळीचा. त्या थ्रेडला सीएच-आरटी या कमांडने रिअल-टाइम प्राधान्य द्या, किंवा कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये आरटीचा फ्लॅग लावा. कायमचा इलाज पुढच्या बोर्डवर फ्लॅश वेगळ्या बसवर नेणं. कोणी 'आरटी कर्नल घाला' असा सल्ला देईल. त्यासाठीचा प्रीएम्प्ट-आरटी पॅच २०२४ मध्ये ६.१२ ला मुख्य कर्नलमध्ये आलं खरं, पण कारण न कळता त्यासाठी अख्खं कर्नल बदलणं मला पटत नाही.

एवढ्यानेही कळलं नाही तर ड्रायव्हरमध्ये स्वतःचे ट्रेसपॉइंट घाला. दोन पुरेत: इंटरप्ट हँडलरने माप तयार असल्याचं पाहिलं तो क्षण, आणि ड्रायव्हरच्या रीड फंक्शनने माप वरच्या प्रोग्रॅमच्या हवाली केलं तो क्षण. दोन्हींत मापाचा अनुक्रमांक ठेवा, म्हणजे जोड्या लावता येतील. ट्रेस-इव्हेंटचा मॅक्रो पहिल्यांदा पाहिल्यावर डोकं गरगरतं, पण तो चार प्रश्न विचारतो इतकंच: बाहेरून काय घेणार, नोंदीत काय ठेवणार, कसं भरणार आणि वाचताना कसं दाखवणार. पोटात स्ट्रिंग ठेवू नका, आकडे ठेवा. 'क्रिएट ट्रेस पॉइंट्स' ही व्याख्या नेमक्या एकाच सी फाइलमध्ये हवी. आणि ड्रायव्हर कर्नलच्या झाडाबाहेर बांधत असाल तर हेडरमध्ये 'ट्रेस इन्क्लूड पाथ' आणि मेकफाइलमध्ये त्या डिरेक्टरीची वाट द्यायला विसरू नका. नाहीतर 'हेडर सापडत नाही' या चुकीवर संध्याकाळ जाते.

आता परवान्याचं. मॉड्यूलवर (वेगळ्या लोड होणाऱ्या ड्रायव्हरवर) मालकी परवाना, म्हणजे सोर्स खुला नसलेला, लिहिलेला असेल, किंवा ते जबरदस्तीने लोड केलेलं असेल, तर कर्नल त्याचे ट्रेसपॉइंट नोंदवतच नाही. मॉड्यूल चालतं, इव्हेंट मात्र यादीत दिसत नाहीत. झाडाबाहेरचं किंवा सही नसलेलं मॉड्यूल चालतं, मालकी परवान्याचं नाही. हे माहीत नसेल तर माणूस आपल्याच मॅक्रोत चूक शोधत बसतो.

झटपट तपासणीसाठी ट्रेस-प्रिंट-के आहेच. लिहायला प्रिंट-केसारखंच, पण ओळ रिंग बफरमध्ये जाते. ते आत ठेवून ग्राहकाला मशिन देऊ नका. बूट होताना कर्नल स्वतःच मोठी चौकट छापून ओरडतं की हे डिबग कर्नल आहे. ग्राहकाच्या इंजिनिअरने ती चौकट पाहिली की पुढचा फोन तुमच्या साहेबांना.

उशीर पकडायचा कसा हा पुढचा भाग, आणि मला सगळ्यांत आवडणारा. बफर सतत फिरत राहतं, जुनं पुसतं, नवं लिहितं. म्हणून प्रसंग घडला की लगेच ते थांबवायचं. ट्रेसएफएसमधल्या 'ट्रेस मार्कर' आणि 'ट्रेसिंग ऑन' या दोन फाइल तुमच्या वरच्या प्रोग्रॅमने सुरुवातीलाच उघडून ठेवायच्या. माप हाती आल्यावर त्याने फरक काढायचा. २० मिलिसेकंदांच्या वर गेला तर मार्करमध्ये एक शब्द लिहायचा आणि ट्रेसिंग ऑनमध्ये शून्य. बफर गोठतं, आधीचे ११ सेकंद जसेच्या तसे राहतात. प्रोग्रॅमला हात लावायचा नसेल तर तुमच्या रीडच्या इव्हेंटमध्ये उशीराचा आकडा ठेवा आणि त्यावर अटीसह 'ट्रेस ऑफ' ट्रिगर लावा, तेच काम कर्नल करेल. मग चवथीच्या सुट्टीत चाचणीचं मशिन नकली मापांवर चालू ठेवून खुशाल गावी जा, परत याल तेव्हा ट्रेस तयार. फक्त बफर रॅममध्ये असतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातली वीज तुम्हाला माहीत आहे. ट्रेस गोठल्याबरोबर तो फाइलमध्ये उतरवणारी एक छोटी स्क्रिप्ट चालू ठेवा, आणि ती फाइल त्याच बसवरच्या फ्लॅशमध्ये लिहू नका. ट्रेस-सीएमडी (एफट्रेस चालवणारी कमांड) असेल तर तो नेटवर्कवरून दुसऱ्या मशिनवर पाठवू शकतो, आणि कर्नलशार्क या ट्रेस दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला की दोन कोअरचे पट्टे डोळ्यांसमोर दिसतात.

बाकीची टूलं वाईट आहेत असं नाही, तुमच्या प्रश्नाला बसत नाहीत. पर्फ सॅम्पलिंग करून वेळ कुठे खर्च झाला ते सांगतं. तुमचा थ्रेड तर चालतच नव्हता, वाट पाहत होता. ईबीपीएफ (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) सर्व्हरवर लाखो घटनांची बेरीज काढायला उत्तम, पण ४.१९ च्या ३२ बिटी बोर्डवर त्यासाठी हेडर आणि कंपायलर गोळा करत बसावं लागेल. उशीरांचा हिस्टोग्राम हवा असेल तर एफट्रेसचे हिस्ट ट्रिगर आणि सिंथेटिक इव्हेंट ४.१९ मध्ये आहेत, कर्नल बांधताना चालू करा. एलटीटीएनजी हे वेगळं ट्रेसिंग टूल दिवसचे दिवस नोंद करायला आणि वरच्या प्रोग्रॅमचं व कर्नलचं एकत्र पाहायला सरस, पण त्याची मॉड्यूलं बाहेरची. प्रत्येक कर्नलबरोबर सांभाळावी लागतात. तुमच्या दोन-तीन माणसांच्या टीमला मी ते सुचवणार नाही.

प्रोडक्शनमध्ये ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. वेगळं डिबग कर्नल बांधलंत की त्यातला उशीर वेगळा, आणि ग्राहकाकडे जो होतो तो तुम्हाला कधी दिसायचा नाही. सन कंपनीच्या डीट्रेसने २००५ च्या सोलारिस १० मध्ये हेच दाखवलं होतं की चालत्या, खऱ्या मशिनवर, बंद असताना जवळजवळ फुकट असं ट्रेसिंग ठेवता येतं. मात्र सगळंच आत घेऊ नका. इव्हेंट घ्या, केप्रोब घ्या, इमेज मावत असेल तर डायनॅमिक फंक्शन ट्रेसर घ्या. जागा अपुरी असेल तर नुसते इव्हेंट घेता येतात. आयआरक्यू-ऑफ ट्रेसर (इंटरप्ट किती वेळ बंद होते ते मोजणारा), लॉकडेप (लॉकच्या चुका शोधणारं), कसान (मेमरीच्या चुका शोधणारं) यांना ग्राहकाच्या कर्नलमध्ये जागा नाही. आयआरक्यू-ऑफ ट्रेसर वापरत नसलात तरी इंटरप्ट बंद-चालू करण्याच्या प्रत्येक ठिकाणी तो थोडा भार टाकतो. ट्रेसएफएस फक्त रूटला दिसू द्या.

दोन जुन्या गोष्टी लक्षात असू द्या. २००८ मध्ये २.६.२७ ची चाचणी चालू असताना ई-१०००-ई ड्रायव्हरच्या इंटेल नेटवर्क कार्डांची आतली मेमरी बिघडू लागली आणि कार्डं निकामी झाली. सगळे ड्रायव्हर तपासत होते; गुन्हेगार निघालं नवंकोरं डायनॅमिक एफट्रेस. मॉड्यूलचा सुरुवातीचा, मोकळा करून टाकलेला कोड जिथे होता तिथे ते अजून लिहित होतं, आणि त्या पत्त्यावर आता कार्डाची मेमरी आलेली होती. २.६.२८ साठी ते नव्याने रचलं गेलं. बघणारा कोडही कोडच असतो. दुसरी २०११ ची: ट्रेस नोंदीतलं एक निरुपयोगी झालेला रकाना काढला आणि पॉवरटॉप हे वीजखर्च दाखवणारं टूल मोडलं, कारण ते रकान्यांच्या जागा गृहीत धरून वाचत होतं. शेवटी कर्नलला तेवढी रिकामी जागा काही काळ परत ठेवावी लागली. तेव्हा तुमची स्क्रिप्ट इव्हेंटची 'फॉरमॅट' फाइल वाचून चालू द्या, आणि स्वतःच्या इव्हेंटमधल्या रकान्यांची नावं पहिल्याच दिवशी विचार करून ठेवा.

आता छोट्या बोर्डचं. तिथे सगळं स्वतः लिहायचं, पण ते शंभर ओळींचं काम आहे. १६ बाइटची ठराविक नोंद ठेवा: ४ बाइट वेळ, २ इव्हेंटचा क्रमांक, २ टास्कचा क्रमांक, आणि ४-४ बाइटचे दोन आकडे. अशा ५१२ नोंदींचं अ‍ॅरे म्हणजे ८ केबी. संख्या दोनच्या घातात ठेवा, म्हणजे निर्देशांक नुसता मास्क करून फिरवता येतो. वेळेसाठी कॉर्टेक्स एम३ किंवा एम४ असेल तर सायकल काउंटर वापरा; ७२ मेगाहर्ट्झवर ३२ बिटांचा तो काउंटर साधारण ६० सेकंदांनी उलटून शून्यावर येतो, म्हणून अधूनमधून एक खुणेची नोंद टाका. एम० मध्ये तो काउंटर नाही, टायमर लावावा लागेल. शिवाय तिथे अ‍ॅटॉमिक सूचनाही नाहीत, तेव्हा निर्देशांक वाढवताना दोन-चार सूचनांपुरते इंटरप्ट बंद करा. जागा घेतल्यानंतर नोंद भरताना इंटरप्ट चालूच राहू द्या. बोर्डवर कुठलीही ओळ बनवू नका, कच्चे आकडे पीसीवर उतरवून तिथे वाचा. आणि नोंद करणाऱ्या फंक्शनमधून कर्नलचं दुसरं काहीही बोलावू नका, लॉक तर नाहीच. ज्याला बघायचं त्याच्यावरच विसंबलात तर एक दिवस ते स्वतःतच गोल फिरत राहील. फ्रीआरटीओएस या छोट्या बोर्डांच्या तयार कर्नलवर कधी गेलात तर टास्क बदलण्याच्या जागी त्यांनी रिकामे ट्रेस मॅक्रो आधीच ठेवलेत, ते भरले की झालं.

ट्रेस हाती आला की आधी मेसेज सबमिट आणि मेसेज स्टार्ट यांतलं अंतर बघा. ते मोठं असेल तर वरचा संशय खरा. लहान असेल तर माझा अंदाज चुकला; मग सीपीयू-आयडल आणि सीपीयू-फ्रीक्वेन्सी हे दोन इव्हेंट आणखी जोडून पुन्हा पकडा, कारण कोअर खोल झोपेतून उठायला वेळ घेत असेल किंवा त्याचा वेग उतरलेला असेल. आणि सबमिटच उशिरा होत असेल तर इंटरप्ट थ्रेडचा वेकअप-स्विच आधी, एसपीआय नंतर. या तीनपैकी काय निघालं ते आणि उशिराच्या आसपासच्या पन्नासेक ओळी इथेच टाका. टाकण्याआधी ओळींतली ग्राहकाच्या प्रोग्रॅमची नावं तेवढी बदला.